पाऊण शेराचा आकडा

कोरपना तालुक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टींचे वजन रोज होते. गडचांदूर, उपरवाहीच्या सिमेंट कारखान्यांवर ट्रक एकेक करून वजनकाट्यावर चढतात. आणि आरोग्य केंद्राच्या प्रसूतिकक्षात नुकतेच जन्मलेले बाळ पुसून, कोरडे करून छोट्या काट्याच्या तबकात ठेवले जाते. एकीकडे टनांचा हिशेब, दुसरीकडे ग्रॅमांचा. पण दोन्ही काट्यांचे पोट उघडले तर आत जवळजवळ एकच रचना सापडते. धातूची एक पट्टी किंवा ठोकळा भाराने किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध तेवढाच किंचित बदलतो आणि काही मिलिव्होल्टचा इशारा बाहेर येतो. एक छोटी चिप त्या इशाऱ्याचा आकडा करते. ट्रकच्या आकड्यावर पैसे ठरतात. बाळाच्या आकड्यावर बरेच काही ठरते.

जन्माचे वजन २५०० ग्रॅमच्या खाली असेल तर बाळ कमी वजनाचे समजले जाते आणि त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवावे लागते. १८०० ग्रॅमच्या खाली असेल तर त्याला नवजात शिशूंच्या विशेष कक्षात हलवायचे असते. कोरपन्याहून चंद्रपूरचा रस्ता लांबचा आहे, पावसाळ्यात तो आणखी लांब वाटतो. जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकाची मात्रा वजनावर काढतात. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला आणि १९९९ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्या कामात गावातल्या बाईच्या हातात ज्या साध्या वस्तू होत्या, त्यात वजनाचा काटा होता. आज आशाताईंच्या पिशवीतही तो असतो. झोळीचा स्प्रिंगकाटा असेल तर त्यात गणित नाही, फक्त स्प्रिंग. आकडे दाखवणाऱ्या काट्यात मात्र गणित आहे, आणि ते गणित कोणीतरी लिहिलेले आहे.

काट्यांसाठी बनवलेली एचएक्स७११ नावाची एक स्वस्त चिप आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती सर्रास दिसते. ती वजनाचा आकडा २४ बिटांत देते. बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढेच सांगू शकणारी एक जागा. अशा २४ जागा मिळून १,६७,७७,२१६ वेगवेगळे आकडे लिहिता येतात. निम्मे उणे बाजूला, निम्मे अधिक बाजूला, म्हणजे उणे ८३,८८,६०८ पासून अधिक ८३,८८,६०७ पर्यंत. काट्यासाठी हे पुरेसे बारीक आणि पुरेसे मोठे माप आहे. १६ बिट घेतले तर पायऱ्या जेमतेम ६५,५३६ आणि ३२ बिटांइतका बारीक इशारा काट्याच्या तारांतून येतच नाही, खालचे बिट नुसता गोंगाट मोजत बसतील. म्हणून २४. हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्रांतल्या अनेक नव्या चिपाही याच मापाच्या आहेत.

अडचण अशी की संगणकाच्या घरात २४ चे भांडेच नसते.

जुन्या पिढीला धान्याची मापे पाठ असत. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. मुलखागणिक नावे आणि आकार थोडे बदलत, पण दुपटीची रीत तीच. आजच्या संगणकाची मापेही दुपटीची आहेत: ८ बिट, १६ बिट, ३२ बिट, ६४ बिट. आठाला चिपटे म्हटले तर सोळा मापटे, बत्तीस शेर आणि चौसष्ट अडशिरी. मग २४ बिट म्हणजे तीन चिपटी, पाऊण शेर. हे माप दुकानात मिळत नाही. वाणी अशा वेळी दोनपैकी एक करतो. एकतर शेराच्या भांड्यात पाऊण शेर धान्य घालतो आणि वरचा पाव भाग रिकामा सोडतो, नाहीतर एक मापटे आणि एक चिपटे अशी दोन भांडी भरून देतो.

संगणकाच्या जगात हा वाणी म्हणजे कंपायलर. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा आज्ञांमध्ये उतरवून देणारा हा प्रोग्रॅम. त्याच्यासमोर बेताच्या मापाची संख्या आली की तोही याच दोन वाटांपैकी एक धरतो. मोठ्या भांड्यात बसवणे किंवा लहान भांड्यांत वाटणे. ऐकायला सोपे आहे. खरी मेहनत पहिल्या वाटेवर आहे, कारण शेराच्या भांड्यातला तो पाव भाग कधीच खरोखर रिकामा नसतो. तिथे आधीचे काहीतरी पडलेले असते.

तबकात चादर अंथरली, काटा शून्यावर आणला आणि मग चादर उचलली की आकडा शून्याच्या खाली जातो. हे प्रसूतिकक्षात दिवसातून अनेकदा होते. संगणकात उणे एक लिहायची रीत म्हणजे सगळ्या जागांवर एक. चोवीस जागांवर चोवीस एक. आता हा आकडा ३२ च्या भांड्यात ओतला आणि वरच्या आठ जागांवर शून्ये घातली, तर तो उणे एक राहत नाही. तो १,६७,७७,२१५ होतो. शंभर पायऱ्यांचा एक ग्रॅम धरला तर पडद्यावर १६७ किलो! वरच्या आठ जागांवरही एकच भरायला हवे होते, म्हणजे चोविसाव्या जागी जे चिन्ह आहे तेच पुढे ओढायला हवे होते. या ओढण्याला चिन्हविस्तार म्हणता येईल. काट्याचा प्रोग्रॅम पहिल्यांदाच लिहिणारे विद्यार्थी इथे हटकून अडखळतात. भांडे शेराचे आहे म्हणून धान्यही शेरभर आहे, असे समजून ते मोकळे होतात.

मग कंपायलरने प्रत्येक पायरीनंतर वरचे बिट साफ करावेत का? तसे केले तर चूक होणार नाही, पण काम फार हळू चालेल. इथे एक सुंदर गोष्ट उपयोगी पडते आणि ती तिसरीच्या मुलालाही ठाऊक असते. बेरीज करताना हातचा नेहमी डावीकडे जातो, उजवीकडे कधीच येत नाही. ३४७ आणि २१६ यांच्या बेरजेतला एककाचा ३ हा फक्त ७ आणि ६ यांच्यावर ठरतो, डावीकडे कितीही कचरा असला तरी त्याला धक्का लागत नाही. वजाबाकीचे आणि गुणाकाराचेही तसेच. म्हणून कंपायलर वरच्या आठ जागांत काय पडले आहे याची फिकीर न करता बेरजा, वजाबाक्या आणि गुणाकार करत राहू शकतो, खालचे २४ बिट बरोबरच येतात. पण दोन संख्यांत मोठी कोणती हे ठरवायचे असेल, भागाकार करायचा असेल किंवा बिट उजवीकडे सरकवायचे असतील तर वरचा कचरा खाली उतरतो. तेव्हा आधी साफसफाई हवीच. चांगला कंपायलर नेमका तिथेच झाडू फिरवतो, आधी नाही आणि नंतर तर नाहीच. ‘वजन २५०० पेक्षा कमी आहे का’ ही तुलना आहे. म्हणजे बाळाच्या बाबतीत महत्त्वाचा प्रश्न नेमका त्या जागेवर येतो जिथे साफसफाई चुकली तर उत्तर चुकते.

दुसरी अडचण साठवणुकीची. चोवीस बिट म्हणजे तीन बाइट. स्मृतीत तीन-तीन बाइटांची वजने एकाला एक लागून ठेवली आणि वाचताना सवयीने चार बाइट उचलले, तर शेजारच्या बाळाच्या वजनाचा एक तुकडा सोबत येतो. लिहिताना चार बाइट लिहिले तर शेजारच्याचा तुकडा पुसला जातो. म्हणून कंपायलरला प्रत्येक मापाबद्दल दोन आकडे वेगळे लक्षात ठेवावे लागतात: लिहिताना किती बाइटांना हात लावायचा आणि मांडणी करताना किती जागा सोडायची. २४ बिटांसाठी अनेक यंत्रांवर हे आकडे तीन आणि चार असे निघतात. दोन्ही एकच समजण्याची चूक वर्षानुवर्षे लपून राहू शकते.

एवढी कटकट कशासाठी, सरळ सगळीकडे ३२ का वापरू नयेत, हा प्रश्न रास्त आहे आणि बहुतेक ठिकाणी तेच करतात. बाळ पाय झाडत असते म्हणून काटा एकाऐवजी सोळा वाचने घेऊन सरासरी काढतो, सोळा वाचनांच्या बेरजेला २८ बिट लागतात आणि ते ३२ मध्ये आरामात मावतात. पण पेन्सिल सेलवर महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपकरणांत बऱ्याचदा ८ बिटांची छोटी चिप असते. तिची स्मृती दोन किलोबाइट असली तरी भरपूर म्हणायची. तिला ३२ बिटांची बेरीज चार टप्प्यांत करावी लागते, २४ बिटांची तीन टप्प्यांत. एक चतुर्थांश काम वाचते. म्हणूनच जीसीसी या मोफत उपलब्ध असलेल्या कंपायलरने २०१२ साली आपल्या ४.७ या आवृत्तीत एव्हीआर जातीच्या छोट्या चिपांसाठी २४ बिटांचे खास पूर्णांक दिले. सोनोग्राफीच्या यंत्रांत तर गरज आणखी थेट असते. तिथे अनेकदा अशी चिप वापरतात जिच्या आतली जोडणी अभियंता स्वतः ठरवतो, आणि तिथे प्रत्येक जास्तीचा बिट म्हणजे जास्तीची तार, जास्तीची जागा, जास्तीची उष्णता.

खरे तर ८, १६, ३२ हीच मापे ‘नेहमीची’ हा समज अलीकडचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली चालू झाला, त्याचा शब्द ४० बिटांचा होता. त्याच संस्थेत १९६४ साली आलेला सीडीसी ३६०० हा ४८ बिटांचा. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घडलेला टीडीसी-१२ हा १९६९ चा संगणक नावाप्रमाणेच १२ बिटांचा. आठ बिटांचा बाइट आणि त्याच्या दुपटी ही रीत आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या संगणकांपासून जगभर रुजत गेली. धान्याच्या मापांचेही असेच झाले होते, प्रत्येक पेठेची पायली वेगळी. सगळ्यांनी एक माप धरल्यावर व्यवहार सोपा झाला, पण पाऊण शेर लागणाऱ्याची गैरसोय झाली.

ती गैरसोय मुळातून दूर करण्याचा प्रयत्न अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात झाला. एलएलव्हीएम हा कंपायलर प्रकल्प २००० साली तिथे सुरू झाला. ख्रिस लॅटनर हे त्याचे कर्ते आणि त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक विक्रम आडवे. आडवे हे पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी. एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेचा २०१२ सालचा सॉफ्टवेअर पुरस्कार या दोघांना आणि इव्हान चेंग यांना मिळून मिळाला. (पवईतही कंपायलरच्या अंतर्भागाचे काम चालतेच. प्रा. उदय खेडकर यांनी तिथे जीसीसीचे पोट उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या आहेत. आपल्याकडे संगणक म्हणजे ॲप बनवणे एवढाच अर्थ उरलेला असताना हे सांगायला हवे.)

एलएलव्हीएमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही ठरावीक मापांचेच पूर्णांक होते. मे २००७ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीने ते बंधन काढून टाकले. कंपायलरच्या अंतर्गत भाषेत पूर्णांक कितीही बिटांचा असू शकेल असे ठरले: १ बिटाचा, १७ चा, २४ चा, ३३ चा. आज वरची मर्यादा २ च्या २३ व्या घाताइतकी, म्हणजे सुमारे ८४ लाख बिटांची आहे. कल्पना अशी की हिशेबाच्या वहीत जेवढे धान्य तेवढेच लिहावे, भांडी कोणती वापरायची हे अगदी शेवटी, ज्या चिपसाठी काम चालले आहे तिच्या स्वयंपाकघरात डोकावून ठरवावे. आठ बिटांच्या चिपवर तीन चिपटी, बत्तीसच्या चिपवर एक शेर.

ही सोय फक्त विचित्र उपकरणांसाठी आहे असे नाही. साध्या प्रोग्रॅममध्येही कंपायलर स्वतःच्या सोयीसाठी विचित्र मापे तयार करतो. शून्यापासून एखाद्या संख्येपर्यंत बेरीज करत जाणारा प्रोग्रॅम दिला तर तो फेऱ्या मारत बसत नाही. संख्या आणि तिच्या शेजारची संख्या यांचा गुणाकार करून निम्मा करायचा, हे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ‘संकलित’ नावाने आलेले सूत्रच तो वापरतो. पण निम्मे करण्याआधी गुणाकार एका बिटाने जास्त जपावा लागतो, नाहीतर ३२ बिटांच्या कडेला असलेली माहिती सांडते. म्हणून तो गुणाकार ३३ बिटांत मांडतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ३३ हा आकडा स्वप्नातही पाहिलेला नसतो! अर्थात ३३ चे भांडेही कुठे नसते, म्हणून शेवटी ६४ चे काढावे लागते आणि साफसफाईचे तेच नियम पुन्हा लागू होतात.

मोठ्या मापांना वेगळाच त्रास. बेरीज तुकड्या-तुकड्याने हातचा पुढे नेत करता येते, पण १२८ बिटांपेक्षा मोठ्या संख्यांचा भागाकार करायची सोय सुरुवातीला नव्हती. त्यामुळे एलएलव्हीएमवर आधारलेल्या क्लँग या कंपायलरने अशा संख्या लिहायची मुभा दिली तेव्हा मर्यादा १२८ वरच ठेवली होती. पुढे भागाकाराची सोय झाली आणि ती मर्यादा उठत गेली.

वैद्यकात संख्येचे माप चुकल्याचा सगळ्यात दुःखद दाखला ८ बिटांचा आहे. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे कॅनडात बनलेले यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली. सहाही अपघातांचे कारण एक नव्हते. शेवटचा अपघात १७ जानेवारी १९८७ रोजी अमेरिकेतल्या याकिमा गावी घडला. यंत्रातला एक भाग जागेवर आला आहे की नाही हे तपासायचे की नाही, ते एका बाइटात लिहिलेल्या खुणेवर ठरत होते. शून्य असेल तर तपासणी नको, शून्य नसेल तर हवी. ‘हवी’ असे सांगायला प्रोग्रॅम प्रत्येक फेरीला त्या खुणेत एक मिळवत होता. २५५ नंतर एक मिळवला की बाइट भरून वाहतो आणि पुन्हा शून्य होतो. त्या दोनशे छप्पन्नाव्या फेरीच्या क्षणीच तंत्रज्ञाचे बोट कळीवर पडले, तपासणी टळली आणि शलाका सुटली. रुग्ण त्या एप्रिलमध्ये दगावला. दुरुस्ती एका ओळीची होती: एक मिळवत जाण्याऐवजी दर वेळी शून्य नसलेला एकच ठरलेला आकडा लिहायचा.

इथे दोष कंपायलरचा नव्हता. हा प्रोग्रॅम यंत्रभाषेच्या अगदी जवळच्या भाषेत हाताने लिहिलेला होता. पण वाहून जाणाऱ्या भांड्याचा धोका तोच. आणि तो पकडायला कठीण का, हेही त्यात दिसते: २५५ वेळा सगळे बरोबर चालते.

सिटी स्कॅनमध्ये हाच प्रश्न शांतपणे सोडवलेला आहे. तिथे पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० मानून शरीरातल्या प्रत्येक ठिपक्याची घनता मोजतात आणि ती साधारण १२ बिटांत, उणे १०२४ ते ३०७१ या टप्प्यात, मावते. साठवताना १६ बिटांचे भांडे वापरतात. पण प्रतिमेच्या फाइलमध्येच तीन गोष्टी स्वतंत्र लिहिलेल्या असतात: भांडे किती बिटांचे, त्यातले खरे बिट किती आणि चिन्ह धरायचे की नाही. वाचणाऱ्याने वरच्या चार बिटांवर विश्वास ठेवायचा नाही. हाडात बसवलेला स्टीलचा खिळा मात्र ३०७१ च्याही वर जातो, तेव्हा अनेक यंत्रांत तो तिथेच कापला जातो आणि खिळ्याची खरी घनता प्रतिमेवरून सांगता येत नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही अशीच सोय आता मिळाली आहे. जगातली बहुतेक छोटी उपकरणे ज्या सी भाषेत लिहिली जातात, तिच्या ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणग्रंथात ‘बिटइंट’ नावाचा पूर्णांक आला. बिटांची संख्या लिहिणाऱ्याने स्वतः सांगायची. चिपकडून २४ बिट येतात तर संख्या २४ चीच म्हणायची, चिन्ह ओढणे आणि कचरा झाडणे कंपायलरच्या अंगावर. जीसीसीने त्याच वर्षीच्या १४ व्या आवृत्तीत, मोजक्या यंत्रांसाठी, ही सोय दिली. तिच्या नियमपुस्तकात, घराघरांतल्या संगणकांत असणाऱ्या चिपांसाठी, जुनेच वाक्य नव्याने आले आहे: भांड्यातले उरलेले बिट काहीही असू शकतात. म्हणजे एका कंपायलरने भरलेले भांडे दुसऱ्याच्या हातात गेले तर घेणाऱ्याने आधी पुसून घ्यायचे.

प्रसूतिकक्षातल्या काट्यात यातले काय आहे हे परिचारिकेला कळण्याचा मार्ग नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. तिचा हात बाळाचे वजन ओळखतो, म्हणून १६७ किलोचा आकडा ती कधी नोंदवणार नाही. तरी एक तपासणी दोन मिनिटांत होते आणि ती काट्याच्या उणे बाजूलाही हात घालते. प्रमाणित एक किलोचे वजन तबकात ठेवावे, आकडा एक किलो यावा. आता काटा शून्यावर आणावा आणि वजन उचलावे. उणे एक किलो दिसायला हवे. वजन परत ठेवले की पुन्हा शून्य. काही काटे शून्याखाली आकडा न दाखवता नुसत्या आडव्या रेघा दाखवतात, तेही चालेल. वजन उचलल्यावर लाखांचा आकडा दिसला, किंवा परत ठेवल्यावर शून्य आले नाही, तर तो काटा त्या दिवशी बाजूला ठेवून झोळीचा स्प्रिंगकाटा काढावा.